व्हिस्कीची बाटली उभीच ठेवा

वाइनच्या बाटल्या आडव्या ठेवतात असं ऐकून मी एक व्हिस्कीची बाटलीही कपाटात आडवी सारली होती. दोन वर्षांनी उघडायला गेलो तर अर्धं बूच हातात, अर्धं बाटलीच्या मानेत. उकरता उकरता त्याचा भुगा आत पडला. मग कॉफीच्या कागदी फिल्टरमधून गाळत बसलो. वाइनमध्ये मद्यार्क साधारण १२ ते १४ टक्के असतो, व्हिस्कीत ४० किंवा त्याहून जास्त. एवढा कडक मद्यार्क सतत टेकून राहिला की बूच ठिसूळ होतं. म्हणून बाटली उभी. महिन्या-दोन महिन्यांनी क्षणभर उलटी करून बूच ओलवायचं, म्हणजे ते सुकून आक्रसत नाही.

जागा अंधारी आणि थंड हवी. काचेच्या शोकेसमध्ये खाली दिवे लावून मांडलेल्या बाटल्या छान दिसतात, पण उजेडाने रंग फिका पडतो आणि चव उतरते. शेगडीजवळ तर मुळीच नको, मद्यार्क पेट घेतो. मुलं असतील तर कपाटाला कुलूप लावा.

बरेच जण बाटली 'जुनी होऊ दे' म्हणून राखून ठेवतात. व्हिस्की मुरते ती लाकडी पिंपात, काचेत नाही. बारा वर्षांची बाटली घरात दहा वर्षं ठेवली तरी ती बारा वर्षांचीच.

सील तोडलं की खरा शत्रू हवा. बाटली जवळजवळ भरलेली असेल तर वर्षभर फारसा फरक पडत नाही. पाव उरली की काही महिन्यांतच वास मवाळ होतो. उरलेली व्हिस्की स्वच्छ, कोरड्या छोट्या बाटलीत काठोकाठ ओता आणि वर उघडल्याची तारीख चिकटवा. नक्षीदार क्रिस्टलच्या सुरईत मात्र साठवू नका. जुन्या क्रिस्टलमध्ये शिसं असतं आणि ते हळूहळू मद्यात उतरतं.

रम, जिन, ब्रँडीला हेच नियम. व्होडका फ्रीजरमध्ये खुशाल ठेवा. उणे १८ अंशांत ती गोठत नाही, फक्त दाट होते. व्हर्मूथ मुळात वाइनच, त्यामुळे उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवून महिना-दोन महिन्यांत संपवावी. मलईचे लिकर, म्हणजे मलई घातलेलं गोड मद्य, तेही उघडल्यावर फ्रीजमध्येच.

आता चाखणं. खाली फुगीर, वर निमुळता प्याला घ्या; रुंद तोंडाच्या ग्लासातून वास उडून जातो. ३० मिलीहून जास्त ओतू नका. नाक एकदम आत खुपसलंत तर फक्त झणका बसेल. ओठ किंचित उघडे ठेवून काठावरून हळू हुंगा. पहिला घोट अगदी छोटा, कारण त्यात जीभ फक्त सरावते. चव दुसऱ्या घोटाला कळते. मग चमच्याने थोडं पाणी घाला. ही नुसती ऐट नव्हे. २०१७ मध्ये स्वीडनच्या दोन संशोधकांनी संगणकावर दाखवलं की पाणी वाढलं की धुराचा वास देणारे ग्वायकॉलचे रेणू पृष्ठभागाकडे सरकतात. बर्फाचं उलट आहे, थंडीने वास दबतो. उकाड्यात गार पेग हवाच असेल तर तसंही प्या, कोणी गुन्हा नोंदवत नाही. पाणी किंवा बर्फ घातल्यावर काही व्हिस्की धुरकट दिसते. ती खराब झालेली नाही, बाटलीत भरण्याआधी थंड करून गाळलेली नाही एवढंच.

आणि प्याला लगेच विसळू नका. सकाळी रिकाम्या प्याल्याला नाक लावा. मद्यार्क उडून गेलेला असतो आणि पिंपाच्या लाकडाचा वास तेवढा मागे उरलेला असतो.