कल्ट चित्रपटांवर पॉडकास्ट करताना या चुका टाळा

चित्रपटावर बोलत असताना श्रोत्यासमोर पडदा नसतो, ही गोष्ट इतकी उघड आहे की माइक सुरू होताच ती सर्वांत आधी विसरली जाते. आम्ही दोघे मित्र भयपट, तमाशापट, ऐंशीच्या दशकातील मराठी विनोदी चित्रपट आणि त्यांत चार-दोन दृश्यांपुरते येऊनही लक्षात राहिलेले कलाकार यांवर पॉडकास्ट करतो. आमचे सुरुवातीचे भाग आज ऐकवत नाहीत. त्यांत आम्ही एकमेकांना ‘तो प्रसंग आठवतो ना’ असे विचारून खदाखदा हसतो, आणि श्रोता मात्र अनोळखी लग्नाच्या पंगतीत चुकून बसलेल्या पाहुण्यासारखा मुकाट्याने आमची तोंडे पाहत राहतो. खाली ज्या चुका मांडल्या आहेत, त्यांपैकी बहुतेक आम्ही स्वतः केलेल्या आहेत.

कथा सांगत बसणे

पहिली चूक म्हणजे चित्रपटाची कथा आरंभापासून शेवटापर्यंत सांगणे. ज्याने चित्रपट पाहिला आहे त्याला ती नको असते आणि ज्याने पाहिलेला नाही त्याला पात्रांची नावे लक्षात राहत नाहीत. कथा तीन-चार वाक्यांत आटोपावी आणि उरलेला वेळ एखाद्या दृश्याला द्यावा. ते मात्र असे सांगावे की पडदा नसतानाही ते दिसले पाहिजे. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ (1993) घेतला, तर तात्या विंचूचा आत्मा बाहुल्यात कसा शिरला हे एका वाक्यात सांगून होते. त्यापेक्षा तो बाहुला घडवणारे रामदास पाध्ये हे शब्दभ्रमकलेच्या घराण्यातले आहेत, अर्धवटराव हा बोलका बाहुला त्यांच्या वडिलांनी, यशवंत पाध्ये यांनी निर्माण केला आणि मराठी प्रेक्षक बोलक्या बाहुल्याशी आधीच परिचित होता, हे सांगणे अधिक मोलाचे आहे. जशा बाहुल्यांनी प्रेक्षकाला लहानपणी हसवले, तसाच बाहुला पडद्यावर दिलीप प्रभावळकरांच्या आवाजात माणसे मारायला निघतो, तेव्हा त्या भीतीत जी विचित्र गंमत मिसळते, तिच्यावर अर्धा भाग सहज बोलता येतो.

‘ही तर नक्कल’ म्हणून निकाल लावणे

याच चित्रपटाबद्दल बोलताना ‘चाइल्ड्स प्ले’ (1988) या अमेरिकी भयपटाचे नाव घेऊन विषय संपवण्याचा मोह होतो. साम्य लपवण्याचे कारण नाही, ते सांगावेच. पण साम्य दाखवणे ही चर्चेची सुरुवात असते, निकाल नव्हे. शिवाय घाईने दाखवलेला उगम बहुधा अर्धाच असतो. कोठाऱ्यांचाच ‘धूमधडाका’ (1985) हा ‘प्यार किए जा’ (1966) या हिंदी चित्रपटावरून घेतला, असे आम्ही एका भागात मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, आणि तो हिंदी चित्रपट दिग्दर्शक श्रीधर यांच्याच ‘कादलिक्क नेरमिल्लै’ (1964) या तमिळ चित्रपटावरून झालेला आहे, हे एका श्रोत्याने आम्हांला कळवले. मद्रासहून मुंबईमार्गे कोठाऱ्यांपर्यंत आलेल्या या विनोदात प्रत्येक मुक्कामी काय बदलले, कोणते पात्र मराठी घरात बसले आणि कोणते बसले नाही, हा खरा विषय होता आणि तो आमच्या हातून निसटला. ‘अशी ही बनवाबनवी’ (1988) विषयीही हेच म्हणता येईल. मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘बीवी और मकान’ (1966) या चित्रपटातली आहे. परंतु आज लोकांच्या तोंडी आहेत ते वसंत सबनीसांनी लिहिलेले मराठी संवाद.

‘कल्ट’ (चाहत्यांनी वर्षानुवर्षे जिवापाड जपलेला चित्रपट) हा शब्दही जपून वापरावा. ‘बनवाबनवी’ पहिल्यापासून यशस्वी होता आणि दूरचित्रवाणीवर पुनःपुन्हा लागत राहिल्यामुळे पिढ्यांना पाठ झाला; ‘जाने भी दो यारों’ (1983) ला त्याचा खरा प्रेक्षक उशिरा भेटला; कांती शाह यांचा ‘गुंडा’ (1998) इंटरनेटवरील तरुणांनी त्याच्या यमकबद्ध संवादांसाठी उचलून धरला. तिन्हींवर एकच शिक्का मारला तर आपण काहीच सांगितलेले नसते. पडलेला प्रत्येक चित्रपट कल्ट नसतो, काही नुसतेच पडलेले असतात.

खिल्ली उडवणे

हिंदी भयपट काढणाऱ्या रामसे बंधूंवर बोलायला घेतले की पहिल्या पाच मिनिटांतच रबरी मुखवटे, धुराचे लोट आणि कारण नसताना येणारे स्नानगृहातील प्रसंग यांवर विनोद सुरू होतात. ते विनोद श्रोत्याने आधीच केलेले असतात, आणि पडदा समोर नसल्याने आपण कशाला हसतो आहोत हेही त्याला धड कळत नाही. त्याला ठाऊक नसते ते वेगळेच असते. कराचीत रेडिओचे दुकान चालवणारे फतेहचंद रामसे फाळणीनंतर मुंबईला आले आणि लॅमिंग्टन रस्त्यावर त्यांनी पुन्हा दुकान मांडले. पुढे चित्रपटनिर्मितीत उतरल्यावर ‘एक नन्ही मुन्नी लड़की थी’ (1970) चालला नाही. मात्र भीतिदायक मुखवटा घातलेले पृथ्वीराज कपूर संग्रहालयात चोरी करतात, त्या एका दृश्यासाठी लोक येत आहेत, हे रामसेंच्या मुलांनी चित्रपटगृहात बसून हेरले. त्यातून ‘दो गज ज़मीन के नीचे’ (1972) जन्माला आला. त्याचे चित्रीकरण महाबळेश्वरला झाले, सगळे कुटुंब आणि मोजकी मंडळी तिथेच मुक्कामाला राहिली. सात भावांपैकी तुलसी आणि श्याम दिग्दर्शन पाहत, गंगू कॅमेरा, किरण ध्वनी, अर्जुन संकलन आणि कुमार लेखन. एवढे समजल्यानंतर ‘पुराना मंदिर’ (1984) पाहिला, तर तोच धूर वेगळा दिसू लागतो, कारण मोठा सेट परवडत नसताना रिकामी जागा भरून काढण्याचे ते साधन आहे असे माझ्या डोळ्यांना वाटते. हसायचे असेल तर त्यानंतर हसावे, श्रोताही तेव्हा बरोबर हसतो.

नकला करण्याविषयीही सांगितले पाहिजे, कारण आवाजाच्या माध्यमात तो मोह फार अनावर असतो. गणपत पाटलांनी तमाशापटांत नाच्या इतक्या सफाईने रंगवला की पाहणाऱ्यांनी माणूस आणि भूमिका यांत फरक करणे सोडून दिले. त्यांच्या लकबीची नक्कल करून भाग सुरू करणे म्हणजे तीच चूक अर्धशतकानंतर पुन्हा करणे होय. आमच्याकडे असा एक आरंभ ध्वनिमुद्रित झाला होता, तो कापला याचे आज समाधान वाटते.

ज्येष्ठ कलाकारांची मुलाखत

‘उपेक्षित’ हा शब्द पाहुण्याच्या तोंडावर कधीही उच्चारू नये. आम्ही एका ज्येष्ठ नटांना पहिलाच प्रश्न असा विचारला होता की, ‘तुमची म्हणावी तशी दखल घेतली गेली नाही, याचे वाईट वाटते का?’ ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, ‘कोणी सांगितलं तुम्हाला?’ त्यानंतरचा तासभर त्यांनी एका-दोन शब्दांतच उत्तरे दिली, आणि ती चूक सर्वस्वी आमची होती. ज्याने चाळीस वर्षे काम केले, तो स्वतःला कामगार समजतो, शोकांतिकेचा नायक नव्हे. म्हणून प्रश्न कामाविषयी विचारावेत: कोल्हापूरच्या स्टुडिओत सकाळी किती वाजता पोचावे लागे, दाढीमिशा कोण लावत असे, संवाद आधी मिळत की सेटवर हातात पडत, नाटकाचा प्रयोग आणि चित्रीकरण एकाच दिवशी आले तर काय करत. असल्या प्रश्नांतून माणूस खुलतो आणि दुःख असलेच तर ते त्याच्या इच्छेने, त्याच्या शब्दांत बाहेर येते. आजारपण, पैशाची चणचण आणि घरातले कलह यांवर पाहुणे स्वतः बोलले, तरी प्रसारणापूर्वी तो तुकडा त्यांना ऐकवून संमती घ्यावी.

याची दुसरी बाजू अशी की आठवण म्हणजे पुरावा नव्हे. ऐंशीच्या घरातील माणूस दोन चित्रपटांची वर्षे सहज एकमेकांत मिसळतो आणि एखादा किस्सा सांगता सांगता इतका घोटीव होतो की त्यातले मूळ हरवते. पाहुण्यांना मध्येच अडवू नये. संपादन करताना तपासावे आणि दुरुस्ती आपल्या निवेदनात सौम्य शब्दांत द्यावी. तपासण्यासाठी चित्रपटाची श्रेयनामावली, आरंभी झळकणारे सेन्सॉरचे प्रमाणपत्र, गाण्यांच्या जुन्या पुस्तिका आणि त्या काळची वृत्तपत्रे पाहावीत. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर 1964 पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. इंटरनेटवर एकाने केलेली चूक दहा ठिकाणी उतरवलेली असते, तिला दहा पुरावे समजू नये.

मुलाखत घरी जाऊन घ्यावी. ऐकू कमी येणाऱ्या व्यक्तीला हेडफोन लावून दूरस्थ मुलाखत देणे जड जाते, आणि फोनवरचा आवाज कितीही सुधारला तरी फोनचाच राहतो. घरी गेल्यावर पंखा बंद करण्याची विनंती करायला संकोच वाटतो खरा. पंखा चालू ठेवून माइक मात्र जवळ, तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवला तरी बरेच निभावते.

आवाजाच्या तक्रारी

आता ध्वनीकडे वळू. खोलीचा घुमारा ही सर्वांत वाईट तक्रार, कारण तो नंतर धड काढता येत नाही. फरशी आणि उघड्या भिंती असलेल्या दिवाणखान्यात खोलीतला बारीकसारीक आवाजही टिपणारा महागडा कंडेन्सर माइक लावण्यापेक्षा कपड्यांनी भरलेल्या कपाटासमोर, मागे गोधडी टांगून, मुख्यतः जवळचाच आवाज घेणारा साधा डायनॅमिक माइक वापरलेला बरा. ‘फ’, ‘भ’, ‘ख’, ‘ध’ या महाप्राण वर्णांसोबत श्वासाचा झोत सुटतो आणि मराठीत ते पदोपदी येतात. भयपट, भूत, फसवणूक आणि खलनायक असले विषय असतील तर विचारूच नये. त्यावर उपाय म्हणजे माइक तोंडासमोर सरळ न धरता किंचित तिरपा ठेवणे.

सलग घूं असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. आवाज थांबला तर दोष बहुधा अर्थिंगमध्ये असतो आणि तेवढ्यापुरते बॅटरीवर काम भागते. पाहुण्याचा आवाज अचानक चेपल्यासारखा, टेलिफोनवर आल्यासारखा वाटला तर त्यांनी ब्लूटूथ हेडफोनचा माइक वापरलेला असण्याची शक्यता मोठी असते. एकाची फाइल लांबलेली आणि आवाज जाड झालेला असेल तर नमुनादर (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले तो आकडा) जुळलेला नसतो: 48 किलोहर्ट्झवर मुद्रित केलेला एक तास 44.1 वर वाजवला तर तो सुमारे 65 मिनिटे 18 सेकंदांचा होतो. दर जुळूनही दोन ठिकाणची मुद्रणे हळूहळू एकमेकांपासून सरकत असतील, तर आरंभी आणि शेवटी दोघांनी एकाच वेळी टाळी वाजवावी, म्हणजे दोन्ही टोके जुळवता येतात. अंतिम फाइलची ध्वनिपातळी स्टिरिओसाठी उणे 16 एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचे माप) आणि मोनोसाठी उणे 19 च्या आसपास ठेवावी, नाहीतर लोकलमध्ये ऐकणाऱ्याला आवाज पुरत नाही.

तीस सेकंदांचा समज

गाण्याचा किंवा संवादाचा तीस सेकंदांपर्यंतचा तुकडा बिनदिक्कत वापरता येतो, हे आम्ही कितीतरी जणांकडून ऐकले आहे. भारतीय कॉपीराइट कायद्यात (1957) अशी सेकंदांची सूट नाही. समीक्षेसाठी न्याय्य वापराची मुभा आहे, पण तो तुकडा खरोखरच समीक्षेचा भाग असावा लागतो. भागाच्या आरंभी वातावरणासाठी वाजवलेले गाणे त्यात बसवणे कठीण आहे. चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढील वर्षारंभापासून 60 वर्षे चालतो, म्हणजे 1988 चा चित्रपट 2048 अखेरपर्यंत संरक्षित आहे. जेवढ्यावर बोलायचे तेवढाच संवाद वाजवावा आणि लगेच त्यावर बोलावे.

नावे

शेवटची चूक क्षुल्लक वाटते, पण तिच्यामुळे भाग सापडतच नाही. ज्या कलाकारांवर आपण बोलतो त्यांची नावे श्रेयनामावल्यांतही एकसारखी नसतात. ‘पुराना मंदिर’मध्ये सामरी हा सैतान साकारणारे, रुरकीहून स्थापत्य अभियंता झालेले अनिरुद्ध अगरवाल काही ठिकाणी अजय अगरवाल या नावाने दिसतात, ‘बनवाबनवी’तील सुशांत रे हिंदी प्रेक्षकाला ‘बाज़ीगर’मधील सिद्धार्थ रे म्हणून ठाऊक आहेत, आणि राघवेंद्र कडकोळांचा शोध बहुतेक जण ‘झपाटलेला’तील त्यांच्या भूमिकेचे नाव, बाबा चमत्कार, असे लिहूनच घेतात. म्हणून भागाच्या वर्णनात कलाकाराची सर्व नावे, गाजलेल्या भूमिकेचे नाव आणि चित्रपटाचे वर्ष लिहावे, आणि शीर्षकात कोटी करण्याचा मोह आवरावा. आमचा कडकोळांवरील भाग तीन आठवडे कोणाला सापडला नव्हता, कारण त्याचे शीर्षक आम्ही केवळ ‘चमत्कार’ असे ठेवले होते.