सरावात जमतं, सामन्यात का हुकतं? सराव असा करून पाहा

तासभर सर्व्हिस घोटली, शेवटच्या शेवटच्या तर एकामागून एक अचूक पडल्या. दोन दिवसांनी सामन्यात मात्र पहिलीच सर्व्हिस जाळीत! बॅडमिंटन खेळणाऱ्या बहुतेकांना हे ओळखीचं वाटेल. मग दडपणाला दोष दिला जातो. माझ्या मते दोष बरेचदा सरावाच्या पद्धतीत असतो. सराव संपताना हात कसा चालतोय यावरून आपण किती शिकलो हे कळत नाही. ते कळतं दोन दिवसांनी, हात पुन्हा कोरा असताना. उदाहरण सर्व्हिसचं घेतलं असलं, तरी बास्केटबॉलच्या फ्री थ्रोलाही हेच लागू पडतं.

आधी मोजा. जाळीपासून १.९८ मीटरवर आखूड सर्व्हिसची रेषा असते. तिच्या लगेच पलीकडे एक टॉवेल पसरा. अंग गरम करून घ्या, पण सर्व्हिसचा एकही प्रयत्न आधी करू नका. आता दहा सर्व्हिस करा आणि टॉवेलवर किती पडल्या ते वहीत लिहा. आकडा लाजिरवाणा असला तरी खरा तोच, कारण सामन्यात पहिल्या सर्व्हिसला दुसरी संधी नसते.

अगदी नवखे असाल तर थोडा वेळ एकच सर्व्हिस करा. पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर यांनी १९६७ मध्ये शिकण्याचे तीन टप्पे मांडले. सुरुवातीला प्रत्येक हालचाल विचार करून करावी लागते, मग चुका कमी होत जातात आणि शेवटी हात आपोआप चालतो. पहिल्या टप्प्यात पुनरावृत्तीने धीर येतो. शटल बहुतेक वेळा जाळी ओलांडू लागलं, की मात्र ही सवय सोडा.

मग सर्व्हिस मिसळा. सगळ्यात जास्त फायदा इथे आहे, आणि सगळ्यात जास्त लोक माघारही इथेच घेतात. १९८६ मध्ये सिनाह गुड आणि रिचर्ड मॅगिल यांनी नवशिक्या विद्यार्थिनींना तीन प्रकारच्या बॅडमिंटन सर्व्हिस शिकवल्या. एका गटाने एका वेळी एकच प्रकार घोटला, दुसऱ्या गटाने तिन्ही प्रकार उलटसुलट क्रमाने केले. नंतर चाचणी घेतली तेव्हा उलटसुलट सराव केलेल्या मुली सरस ठरल्या. कोर्टाच्या ज्या बाजूने सराव केलाच नव्हता, तिथूनही.

असं का होतं? तीच सर्व्हिस लागोपाठ केली, की मागच्या फटक्याचा जोर आणि रॅकेटचा कोन हातात ताजा असतो. थोडं इकडेतिकडे केलं की भागतं. प्रकार बदलला, की सगळं नव्याने ठरवावं लागतं. सामन्यात नेमकं हेच करायचं असतं.

म्हणून आखूड, लांब आणि सपाट अशा चिठ्ठ्या करा. एक उचला, सर्व्हिस करा, दोन पावलं मागे या, पुन्हा पाय रोवून उभे राहा, मगच पुढची चिठ्ठी. उजवी-डावी बाजूही बदलत राहा. त्या दिवशी चुका वाढतील. वाढू द्या.

लक्ष शटलवर ठेवा, मनगटावर नको. गॅब्रिएल वुल्फ यांच्या संशोधनात वारंवार दिसलं, की आपल्या अवयवांपेक्षा हालचालीच्या परिणामावर लक्ष ठेवलं तर कामगिरी सुधारते. मनगट किती वळलं याचा विचार करण्यापेक्षा शटल जाळीच्या पट्टीला किती लगटून गेलं ते पाहा.

प्रत्येक फटक्याला सूचना मागू नका. सतत कोणी सांगत राहिलं, की सांगणारा नसताना हात अडखळतो. आधी स्वतः अंदाज करा: जोर कमी पडला की कोन चुकला? मग प्रशिक्षकांना विचारा. शिकवणाऱ्यांनीही चार-पाच सर्व्हिस गप्प राहून बघाव्यात. मला तरी हे त्यांच्यासाठीच जास्त अवघड वाटतं.

वेळ वाटून घ्या. रविवारी सलग दोन तासांपेक्षा आठवड्यात चार वेळा अर्धा-अर्धा तास बरा. शिकलेलं मधल्या दिवसांत आणि झोपेत मुरतं.

दर आठवड्याला तीच दहा सर्व्हिसची चाचणी घ्या. दोन-तीन आठवडे आकडा हललाच नाही, तर बाजूने मोबाइलवर चित्रण करून प्रशिक्षकांसोबत पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे फरक कशाने पडला ते कळेल. खांदा किंवा कोपर दुखत असेल, तर मात्र चाचणीही थांबवा आणि आधी डॉक्टरांना दाखवा.