जमिनीखालून फायबर टाकताना या चुका टाळा

सगळ्यात धोकादायक चूक म्हणजे नकाशावर भिस्त ठेवून खोदाई सुरू करणे. नकाशात गॅसची लाइन रस्त्याच्या कडेला असते, प्रत्यक्षात ती मध्येच वळलेली असते. वर भराव पडल्याने खोलीही बदललेली असते. आधी संबंधित यंत्रणांकडून जागेवर आखणी करून घ्या, लोकेटर (जमिनीखालच्या लाइन शोधणारे यंत्र) फिरवा. पण प्लॅस्टिकचा पाइप नुसत्या लोकेटरला सापडत नाही. म्हणून आपला मार्ग जिथे दुसऱ्या लाइनला छेदतो, तिथे हाताने खड्डा घेऊन ती लाइन डोळ्यांनी पाहा. एचडीडीने, म्हणजे चर न खोदता यंत्राने आडवे बोअर मारताना तर हा खड्डा टाळूच नये. डक्ट (केबल ज्यातून जाते तो पाइप) ड्रेनेजच्या पाइपमधून आरपार गेला, तरी वर कोणाला पत्ता लागत नाही.

चर खोल असेल तर बाजूंना आधार दिल्याशिवाय कोणालाही आत उतरवू नका. एक घनमीटर माती सहज दीड टन भरते. कमरेपर्यंत गाडलेला माणूसही स्वतःहून निघू शकत नाही. काढलेली माती काठावरच रचली जाते, तीही निदान 60 सेंटीमीटर मागे सारा.

चेंबरचे झाकण उघडून थेट आत उतरणे ही तितकीच जीवघेणी सवय. आत मिथेन किंवा हायड्रोजन सल्फाइड साचलेला असतो, कधी ऑक्सिजनच कमी असतो. गॅस डिटेक्टरने तपासा, हवा खेळवा, वर एक माणूस कायम ठेवा. आतला माणूस कोसळला तर वरच्याने साधनांशिवाय मागोमाग उडी घ्यायची नाही, हे कामाआधीच सगळ्यांना बजावून सांगा.

आता केबल. ड्रमवर असतानाच ओटीडीआरने (फायबरमध्ये प्रकाश सोडून दोष आणि त्याचे अंतर दाखवणारे यंत्र) तपासली नाही, तर दोष कारखान्यातला की ओढण्यातला, हा वाद मिटत नाही. ओढताना केबलच्या व्यासाच्या 20 पट आणि बसवल्यावर 10 पट, यापेक्षा कमी त्रिज्येत सहसा वाकवू नये. अनेक केबल्सची ताणमर्यादा 2700 न्यूटनच्या आसपास असते, तरी आपल्या केबलचा डेटाशीट पाहाच. दोरीला स्विव्हल (गोल फिरणारी कडी) लावा, नाहीतर केबलला पीळ पडतो. अडली की जोर लावू नका. डक्ट कुठे दबलाय ते आधी शोधा.

चर बुजवताना डक्टच्या सुमारे 30 सेंटीमीटर वर वॉर्निंग टेप अंथरा. केबलमध्ये धातू नसेल तर सोबत ट्रेसर वायरही (लोकेटरला सापडणारी धातूची तार) हवी, नाहीतर पुढे ती लोकेटरला दिसणारच नाही.

लॉस, म्हणजे प्रकाशाची घट, जास्त येतोय? 1310 आणि 1550 नॅनोमीटर तरंगलांबीवर मोजून पाहा. एकाच जागी 1550 वर लॉस बराच वाढत असेल, तर तिथे बहुधा केबल वाकली किंवा दबली आहे. दोन्हींवर साधारण सारखा असेल तर स्प्लाइस (फायबरचा जोड) तपासा. फायबरच्या टोकात मात्र डोकावू नका. हा प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

ओटीडीआरवरचे अंतर जमिनीवर जसेच्या तसे मोजून खोदाई करणे ही शेवटची, खर्चिक चूक. ते फायबरच्या लांबीचे असते आणि आवरणाच्या आत फायबर थोडे जास्त लांब असते. शिवाय वाटेतल्या चेंबरमध्ये जादा केबलची वेटोळी असतात. ती वजा करा, दोषाजवळच्या ओळखीच्या जॉइंटपासून मोजा आणि मगच फावडे लावा.