‘डिस्कस’च्या पुढे ‘अबाउट’ नको

नव्याने रुजू झालेल्या मुलांची परदेशी ग्राहकांना जाणारी इंग्रजी पत्रं आमच्याकडे आधी माझ्या नजरेखालून जातात. काळ, वचन बहुतेकांचं ठीक असतं. घसरतात ती क्रियापदाला लागून येणाऱ्या छोट्या शब्दांवर, कारण मनातल्या मराठी वाक्याची विभक्ती तशीच उचलली जाते. आपण विषयावर चर्चा करतो, म्हणून ‘डिस्कस अबाउट’. त्याला विनंती केली, म्हणून ‘रिक्वेस्टेड टू हिम’. दोन्हीकडे मधला शब्द काढून टाका. याउलट ‘एक्सप्लेन मी’ला ‘टू’ हवाच: ‘एक्सप्लेन इट टू मी’. परीक्षाही आपण देतो, पण इंग्रजीत विद्यार्थी ती ‘टेक’ करतो.

बायोडेटात हमखास सापडणारं वाक्य म्हणजे ‘आय पास्ड आउट इन 2022’. खडकवासल्याला एनडीएची पासिंग आउट परेड होते, तिथे हा प्रयोग चोख आहे. अमेरिकेतला वाचक मात्र उमेदवार 2022 साली बेशुद्ध पडला असं समजेल! ‘ग्रॅज्युएटेड’ लिहा.

‘लुक फॉरवर्ड टू’च्या पुढे ‘हिअर’ की ‘हिअरिंग’? तिथे ‘युअर रिप्लाय’सारखं नाम बसवून बघा. बसतंय, म्हणजे ‘हिअरिंग’. ‘आय अ‍ॅम यूज्ड टू वर्किंग लेट’चंही तेच, उशिरापर्यंत काम करायची सवय आहे. ‘आय यूज्ड टू वर्क लेट’ म्हणजे पूर्वी करायचो, आता नाही. मुलाखतीत हा फरक महागात पडू शकतो.

‘कॉल ऑफ द मीटिंग’ चालतं, ‘कॉल द मीटिंग ऑफ’ही चालतं. ‘इट’ आला की तो मधेच जातो: ‘कॉल इट ऑफ’. पण ‘लुक इन्टू इट’ तुटत नाही. इथे युक्ती नाही, पाठांतर.

‘डू द नीडफुल’ला लोक हसतात. मी ते खोडत नाही. ती जुनी ब्रिटिश कचेरीची भाषा आहे, चूक नव्हे. ‘रिव्हर्ट बॅक’ मात्र खोडतो. उत्तर हवं असेल तर साधं ‘रिप्लाय’ बरं.

शंका आली की इंग्रजी-मराठी कोशापेक्षा शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी कोश उघडा. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या हॉर्नबी यांनी 1942 मध्ये असा कोश काढला, त्यात कोणत्या क्रियापदापुढे काय येतं याचे साचे दिले होते. पुढे ऑक्सफर्डने तो छापला. आजच्या आवृत्त्यांतही अर्थाशेजारी ती रचना दिलेली असते. अर्थ माहीत असला तरी उदाहरणाची वाक्यं वाचा.