वर्गात टॅब आणण्याआधी

आधी मुलांच्या घरी काय आहे ते विचारा. पण वर्गात हात वर करायला लावून नव्हे. मी पालकांना एकेकटं गाठते. फोन कोणाचा, संध्याकाळी तो कुणाच्या हातात असतो, नेट महिनाभर पुरतं का? बहुतेकदा फोन एकच असतो आणि तो कामावर जातो. म्हणून पहिली ते चौथीला ऑनलाइन गृहपाठ द्यायचा नाही, हा माझा हट्ट.

देणगीत आलेला लॅपटॉप पूर्ण रीसेट करा आणि जुन्या मालकाचं खातं निघालंय ना, ते देणारा समोर असतानाच तपासा. मशीन संथ असेल तर विंडोजऐवजी लिनक्स किंवा क्रोमओएस फ्लेक्स ही हलकी, मोफत प्रणाली टाकून बघा. वापरलेलं क्रोमबुक (गूगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप) घेताना त्याचे अपडेट कधी बंद होणार ती तारीख बघा. फार स्वस्त मिळालं तर हमखास बघा.

नेट नसलं तरी अडत नाही. एका संगणकावर कोलिब्री हे नेटशिवाय चालणारं शिकण्याचं मोफत सॉफ्टवेअर टाकून धडे एकदाच उतरवून घ्या. बाकीची उपकरणं वर्गातल्या राउटरवरून ते उघडतात. विकिपीडिया असाच नेटशिवाय वाचायला किविक्स हे ॲप आहे.

दोघांत एक टॅब पुरतो, उलट मुलं बोलत बोलत शिकतात. फक्त ठरावीक वेळाने हात बदला, नाहीतर धीट मूल सोडतच नाही. हेडफोन, चार्जर, एक्स्टेंशन बोर्ड यांचे पैसे आधीच बाजूला काढा. टॅब द्यायला लोक येतात, वायर द्यायला कोणी नाही! टॅब घरी देणार असाल तर फुटल्यास भरपाई घेणार नाही असं लेखी द्या. त्याशिवाय पालक तो कपाटाबाहेर काढू देत नाहीत.