आरोग्यसेवा संशोधनात पीएच.डी.चा अर्ज करताय? या चुका टाळा

नवरात्र जवळ आली की आमच्या वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या घरी गरब्याच्या पासांबरोबर पीएच.डी.च्या अर्जांचे मसुदेही यायला लागतात. एखादी एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) झालेली भाची, एखादा फिजिओथेरपिस्ट, इस्पितळाच्या बिलिंगमध्ये पाच वर्षं काढलेला शेजाऱ्यांचा मुलगा. "मावशी, जरा नजर टाक ना." मी याच विषयात पीएच.डी. केली, त्यामुळे नजर टाकणं गळ्यात पडलंय. चुका दरवर्षी त्याच असतात, आणि सगळ्यात मोठी बहुतेक वेळा पहिल्याच परिच्छेदात सापडते.

आजारावर लिहिणं

"मला मधुमेहावर संशोधन करायचं आहे." इथेच गाडी चुकते. आपला विषय आजाराचा नाही, सेवेचा आहे. उपचार कुणाला मिळतात, कितीला पडतात, कुठे अडतात, ज्याला मिळाले त्याला बरे मिळाले का, हे आपले प्रश्न. डायलिसिसचंच घ्या. डभोईचा किंवा पादऱ्याचा रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा वडोदऱ्याला येतो. सरकारी योजनेत डायलिसिस फुकट झालं, तरी बसभाडं लागतंच, आणि सोबत येणाऱ्या मुलाची मजुरी बुडते ती वेगळीच. त्याच्या किडनीचं पुढे काय होणार हे नेफ्रॉलॉजिस्टने पाहावं. हा माणूस तिसऱ्या महिन्यात यायचाच का थांबला, हा प्रश्न आपला.

अॅव्हेडिस डोनाबेडियन यांनी 1966 मध्ये आरोग्यसेवेचा दर्जा तपासायला तीन खण करून दिले: रचना, प्रक्रिया आणि परिणाम. डायलिसिसची यंत्रं किती आणि कुठे, ही रचना. रुग्णाच्या वाट्याला प्रत्यक्ष काय येतं, ही प्रक्रिया. शेवटी तो कसा आहे, हा परिणाम. आपला प्रश्न यातल्या कुठल्या खणात बसतो, किंवा कुठल्या दोन खणांना जोडतो, हे एका वाक्यात सांगता येत नसेल तर अजून एसओपी, म्हणजे अर्जासोबतचं उद्देशाचं निवेदन, लिहायला बसू नका.

आणि हो, आजोबांच्या आजारपणापासून सुरुवात नको. मी वाचलेल्या निम्म्याअधिक एसओपींमध्ये आजोबा पहिल्या ओळीत अत्यवस्थ असतात आणि दुसऱ्या परिच्छेदात कुणालाच आठवत नाहीत.

उत्तर ठरवून मग प्रश्न शोधणं

एका सिनॉप्सिसचं, म्हणजे संशोधनाच्या आराखड्याचं, शीर्षक होतं, अमुक योजनेमुळे गरिबांचा खर्च कमी झाला हे सिद्ध करणे. सिद्धच करायचं असेल तर संशोधन कशाला, जाहिरात करा.

आपल्याच गुजरातमधलं उदाहरण आहे. चिरंजीवी योजना 2005 मध्ये पाच जिल्ह्यांत सुरू झाली आणि पुढे राज्यभर गेली. गरीब बायकांची बाळंतपणं खाजगी डॉक्टरांनी करायची आणि सरकारने त्यांना ठरलेल्या दराने पैसे द्यायचे. बाळंतपण साधं असो की सिझेरियन, दर तोच. इस्पितळातली बाळंतपणं वाढली आणि श्रेय योजनेला मिळालं. मग 2014 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये एक अभ्यास आला. योजना वेगवेगळ्या जिल्ह्यांत वेगवेगळ्या वेळी पोचली होती, तोच फरक धरून संशोधकांनी तुलना केली, तर योजनेमुळे म्हणून वाढ झाल्याचा पुरावा हाती लागला नाही. इस्पितळात जाण्याचं प्रमाण त्या काळात तसंही वाढत होतं. त्यावर वादही झाले, आणि ते वाचण्यासारखे आहेत. मुलाखतीत "मग योजना नसती तर काय झालं असतं, हे कसं कळणार?" असं विचारतात, ते यासाठीच. या प्रश्नाला उत्तर नसलेला आराखडा टिकत नाही.

"200 रुग्णांना प्रश्नावली देईन" हा आराखडा तर फारच स्वस्तातला. कुठले 200? इस्पितळात आलेले. म्हणजे जे येऊच शकले नाहीत, ते आपल्या अभ्यासातून आधीच गळाले. त्यापेक्षा राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 75 व्या फेरीत, म्हणजे 2017-18 मध्ये, घरोघरी जाऊन विचारलेला इस्पितळाचा खर्च आहे. त्याचा मूळ डेटा फुकट मिळतो. तो उघडून दोन तक्ते स्वतः काढलेत, तर अर्जात त्याबद्दल लिहिलेलं एक वाक्य इतर दहा वाक्यांवर भारी पडतं.

गाइडला ठोक भावात ईमेल

"रिस्पेक्टेड सर/मॅडम" म्हणून एकच पत्र चाळीस जणांना गेलं की ते वाचणाऱ्याला लगेच कळतं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांनुसार प्रोफेसर एका वेळी 8, असोसिएट 6 आणि असिस्टंट प्रोफेसर 4 विद्यार्थी घेऊ शकतात, आणि निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. तेव्हा नावाजलेल्या सरांचा एक निबंध वाचा, त्यांच्याकडे जागा आहे का ते विचारा, आणि नसेल तर त्यांच्याच विभागातल्या तरुण प्राध्यापकांना लिहा. अमेरिकेत गणित वेगळं असतं. तिथे बहुतेक ठिकाणी निवड समिती करते, एका गाइडच्या होकारावर प्रवेश होत नाही. तिथल्या पूर्णवेळ पीएच.डी.त फी माफ आणि वर विद्यावेतन मिळणं सर्रास आहे, त्यामुळे "एवढं कर्ज कोण काढणार?" म्हणून घरीच नाद सोडू नका. ब्रिटनमध्ये मात्र पैशांची सोय बऱ्याचदा वेगळी शोधावी लागते.

नेटचं चुकीचं गणित

नेट म्हणजे प्राध्यापकी, संशोधनवृत्ती आणि पीएच.डी. प्रवेशासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा. जून 2024 पासून तिचा निकाल तीन गटांत लागतो आणि शेवटचा गट फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी आहे. जेआरएफ (संशोधनवृत्ती) न मिळालेल्यांचे गुण प्रवेशाला एकच वर्ष चालतात. "यंदा नेट देऊन ठेवते, अर्ज दोन वर्षांनी बघू" हे आता जमणार नाही. विषयांच्या यादीत सोशल मेडिसिन अँड कम्युनिटी हेल्थ आहे. एमपीएचवाले कित्येकदा ती यादी न बघताच दुसरा विषय भरून मोकळे होतात. नुसतं एमबीबीएस असेल तर प्रत्येक संस्थेचं माहितीपत्रक वेगळं वाचा, सगळीकडे नियम सारखा नाही.

शिफारसपत्र आणि दिवाळी

मोठ्या साहेबांचं पत्र घेण्याचा मोह आवरा. तुमचं काम जवळून पाहिलेल्या लेक्चररने "हिने 600 केसपेपर हाताने तपासून चुकीच्या नोंदी शोधल्या" असं लिहिलं, तर साहेबांच्या "हुशार व होतकरू"पेक्षा ते कितीतरी पटीने कामाचं. पण मागायचं कधी? अमेरिकेतल्या बऱ्याच मुदती डिसेंबरच्या सुरुवातीला संपतात. आपल्याकडे नवरात्रीच्या नऊ रात्री अख्खं शहर मैदानात, मग दिवाळी, आणि दिवाळीनंतरची लाभपाचम होईपर्यंत इथलं कुठलंच ऑफिस धड उघडत नाही. माझ्या एका ट्रान्सक्रिप्टचा (विद्यापीठाच्या अधिकृत गुणपत्रकाचा) अर्ज असाच सुट्टीत टेबलावर पडून राहिला होता आणि एक वर्ष वाया गेलं. पत्रं आणि ट्रान्सक्रिप्ट गणपतीत मागा.

नावातला "भाई"

ही अडचण आपल्या इथल्या मराठी घरांची खास. गुजरातच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, आणि शाळेतल्या क्लार्कने सवयीने वडिलांच्या नावाला "भाई" जोडलेलं असतं. पासपोर्टवर विनायक, मार्कशीटवर विनायकभाई. लग्न झालेल्या मुलींच्या कागदांवर तर तीन-तीन नावं. पडताळणी करणारी परदेशी संस्था ही दोन माणसं समजून फाइल अडवू शकते. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं नोटरीचं इंग्रजी अॅफिडेव्हिट आधीच करून ठेवा आणि अर्जात पासपोर्टवरचंच नाव भरा. "जुनी नावं" असा रकाना असेल तर तो रिकामा सोडू नका.

शेवटच्या रात्रीचं एक. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या विद्यापीठाची मुदत रात्री 11:59 ला संपत असेल, तर डिसेंबरात आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे 10:29 वाजलेले असतात. वेळ असतो, पण त्या सकाळी फी भरताना कार्ड नाकारलं जातं, कारण त्यावर परदेशी व्यवहार सुरूच केलेले नसतात. बँकेच्या अॅपमध्ये जाऊन ते आठवडाभर आधी सुरू करा.