शिडाच्या जुन्या जहाजाचा इतिहास कसा शोधावा

एखाद्या जुन्या लाकडी जहाजाचा माग काढायचा असेल तर नावावर भिस्त ठेवू नका. आपल्या मुंबई गोदीत बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही फ्रिगेट, म्हणजे शिडाची युद्धनौका घ्या. १८९७ नंतर कित्येक दशकं तिचं नाव ‘फूद्रॉयां’ होतं आणि तिच्यावर मुलांना दर्यावर्दी शिक्षण मिळायचं. त्या नावाने शोधलंत तर त्याच साली इंग्लंडच्या किनाऱ्यावर ब्लॅकपूलला फुटलेलं दुसरंच जहाज हाती लागेल आणि दोघांच्या हकिगती एकमेकींत मिसळतील.

तारखा तीन लिहून घ्या: पठाण म्हणजे तळकणा कधी बसवला, जहाज पाण्यात कधी उतरलं, सेवेत कधी गेलं. ट्रिंकोमाली १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरली, पण तोवर नेपोलियनची युद्धं आटोपली होती. इंग्लंडला नेऊन तिला राखीव ठेवलं आणि ती प्रत्यक्ष सेवेत गेली १८४७ मध्ये! तिने नेपोलियनच्या आरमाराला टक्कर दिली असं कुठे वाचलंत तर ते सरळ खोडा.

सगळ्यात जास्त वेळ मात्र लाकडाला द्या. इंग्लंडात ओक कमी पडू लागला म्हणून हे काम मुंबईला आलं आणि मलबारचा साग वापरला गेला. ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात. सागात तेल असतं, त्यामुळे खिळा टिकतो आणि लाकूडही सहजी कुजत नाही. तरी जहाज टिकलं ते सागामुळेच, असं लगेच ठरवू नका. याच आराखड्याची ‘युनिकॉर्न’ १८२४ साली इंग्लंडात चॅटमला ओकमध्ये बांधली, ती आजही स्कॉटलंडात डंडीला उभी आहे. तिच्यावर डोलकाठ्या न चढवता छप्पर घातलं, म्हणून ती वाचली. प्रत्येक जहाज का वाचलं, हे वेगळं विचारावं लागतं.

दुरुस्त्याही तपासा. १८४५ च्या कामात ट्रिंकोमालीच्या तोफा कमी केल्या आणि मागची बाजू नव्या घडणीची केली. त्यामुळे आज ती इंग्लंडात जिथे आहे त्या हार्टलपूलला तिच्या मागे उभं राहून १८१७ ची मुंबई शोधू नका. खाली उतरा, बरगड्या पाहा.

बांधणाऱ्यांपाशी आलात की थोडं थांबा. जमशेटजी बोमनजी वाडियांचं नाव लगेच मिळतं. त्यांच्या घराण्यातले लवजी नसरवानजी १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले होते. पारशी रिवाजाप्रमाणे पठाणात चांदीचा खिळा ठोकला, तेही नोंदलेलं आहे. पण फळी तासणाऱ्या सुतारांची नावं या कहाणीत सहसा येत नाहीत आणि मला हे फार लागतं. म्हणून गोदीचा कुठलाही जुना कागद हाती आला की आधी सुतार, लोहार, शिडं शिवणारे यांच्या नोंदी पाहा. एखादं नाव सापडलं तर जहाजाच्या नावाशेजारीच लिहा.